गुलछडीचे गड्डे

घाटंजीत आमच्या वस्तीला लागूनच एका गुरुजींचं परसू होतं. ते मला सातवीला शिकवत. त्यांच्याइतका पोकळ माणूस मी पुढे फारसा पाहिला नाही. वर्गात फुलझाडांवर तास तास बोलायचे, आणि परसात त्यांच्या एक शेवंती धड जगत नव्हती.

आम्ही बौद्ध झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी मायने डाकबंगल्यातून गुलछडीचे गड्डे आणले. ती तिथे झाडझूड करायची. माळ्याने दाटी झालेले गड्डे उपटून फेकले होते. विहीर खोदताना निघालेला मुरूम आमच्या घरामागे पडला होता, दिवसभर उन्हात. त्यात थोडं शेणखत कालवून मायने गड्डे लावले. पाणी बेताचंच, आणि पडलं ते लगेच निथळून जायचं. पावसाळ्यात पांढऱ्या छड्या अशा उभ्या राहिल्या की रस्त्याने जाणारे थांबत.

गुरुजी कुंपणाशी आले. "पूजेला चार छड्या हव्या होत्या. तिथे दगडावर ठेव आणि बाजूला हो."

"हातातून घ्या ना गुरुजी," माय म्हणाली. "दगडावर कायले?"

ते छड्या न घेताच माघारी फिरले. फुलांवर पाणी शिंपडलं की ती त्यांच्या देवाला चालणार होती. आमचा हात मात्र चालत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तापाने घरीच पडले होते. मागे खुरप्याचा आवाज आला म्हणून उठून पाहिलं. गुरुजी आमच्या मुरमात उकिडवे बसले होते आणि धोतराच्या ओच्यात गड्डे भरत होते.

"गुरुजी, काय करून राह्यले?"

"मांजर शोधतोय," ते म्हणाले आणि ओचा सावरत निघाले. शिक्षक माणूस, त्याला खोटंही नीट बोलता येऊ नये!

ते गड्डे त्यांनी काळ्या मातीत, जांभळाच्या सावलीत लावले आणि रोज दोन बादल्या पाणी ओतू लागले. मायला मी सगळं सांगितलं होतं. तरी ती कुंपणावरून ओरडायची, "गुरुजी, एवढं पाणी नोका टाकू! गड्डा सडते!"

"मला शिकवू नकोस."

मी मायवर चिडले. "त्याले कायले सांगतं तू? चोर हाय तो."

"गड्ड्यानं कोनाचं काय केलं वं?" ती म्हणाली.

पोळ्याच्या आत सगळे सडले. त्या लोकांचे गड्डेच नासके, असं गुरुजी गावभर सांगत सुटले. मायला त्यांची कीव यायची. मला तेव्हाही आली नाही, आजही येत नाही.

पुढच्या वैशाखात आम्ही उरलेले गड्डे उपटून सुटे केले आणि वस्तीत घरोघरी वाटले. गुरुजी कुंपणाशी येऊन दोनदा खाकरले. माय हात धुवायला आत गेली, ती ते निघून जाईपर्यंत बाहेर आली नाही.