परवानगीची रिकामी यादी

आमच्या संस्थेच्या परभणीतल्या मुख्य कार्यालयाचं सगळं इंटरनेट मी बंद केलं आणि पालमच्या बसमध्ये जाऊन बसलो.

मुद्दाम नाही. तिथले सगळे संगणक एकाच सर्व्हरवर चालतात आणि तो सांभाळतो मी. साहेबांनी फर्मावलं होतं, लोक कामाच्या वेळात क्रिकेट बघतात, बंदोबस्त करा. मी ब्राउझरच्या धोरणात, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या संगणकांना लागू होणाऱ्या नियमांत, आधी सरसकट सगळ्या साइट बंद केल्या. मग परवानगीच्या यादीत कामाच्या चार साइट लिहायच्या होत्या, पण पालमच्या शाखेत ब्राउझर अपडेट करायचे होते आणि बस लागलेली. जाता जाता बघितलं, तर क्रिकेटसुद्धा चालूच. म्हटलं, धोरण लागूच झालं नाही, उद्या बघू. लागू व्हायला तास-दीड तास जातो, हे लोकांना शिकवणारा मीच.

गंगाखेडच्या अलीकडे फोन आला. समोरच्या टेबलावरच्या ताई. सेलूहून रोज रेल्वेने येणाऱ्या. घरी आई अंथरुणाला खिळलेली, दिवसभर एकटी. सेलूच्या शाखेत बदली मागायचा, वर्षातून एकदाच निघणारा ऑनलाइन अर्ज त्या दिवशी पाचला बंद होणार होता. त्याला लागणारं आईचं डॉक्टरी सर्टिफिकेट त्यांच्या हाती त्याच सकाळी आलेलं.

"सर, कायच उघडेना गेलंय."

"रिफ्रेश करा ना."

"चारदा केलं. 'व्यवस्थापकाने बंद केलं आहे' म्हणायलंय."

"कोण व्यवस्थापक?"

"तुमीच की, सर!"

मोबाइलवर भरा म्हणालो आणि जीभ चावली. घरून कोणी भलतंसलतं भरू नये म्हणून अर्ज फक्त कार्यालयातूनच उघडेल, ही अक्कलही माझीच. सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात.

गंगाखेडला उतरून उलटी बस धरली. पोचलो सव्वापाचला. दहा मिनिटांत यादी लिहिली, धोरण जबरदस्तीने लागू केलं. सगळं लख्ख उघडलं. अर्जाच्या पानावर तेवढं 'मुदत संपली'.

साहेबांपुढे चूक कबूल केली, ताईंपुरता अर्ज पुन्हा उघडू का विचारलं. ते म्हणाले, "एकीसाठी उघडलं की उद्या दहा येतील." विषय संपला.

ताई अजून समोरच बसतात. परवा डबा पिशवीत घालून स्टेशनला निघाल्या, तेव्हा मला राहवेना. म्हटलं, "ताई, पुढच्या वर्षी मी स्वतः बसून तुमचा अर्ज भरून देतो."

"पुढच्या वर्षी आई असली तर माझी मी भरीन. तुमी त्या दिवशी रजा टाका."