चारशे फूट, चमच्याच्या पाठीने

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. सासूबाईंचं कौतुक करायला बसलेय, तेव्हा आज हिला झालंय तरी काय, अशी शंका कुणी घेऊ नये. झालंय ते सांगतेच आहे.

आमच्या सासूबाई संग्रहालयात रूळ पुसतात. खेळण्यातल्या रेल्वेचे. खेळण्यातल्या म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. "खेळणं नाही, नमुना आहे तो," म्हणतात. वरच्या मजल्यावर एक लांबलचक दालन आहे. तिथल्या टेबलावर डोंगर, पूल, दोन स्टेशनं आणि सगळ्याला वळसा घालून जाणारी दोनशे फुटांची लाइन. इंजिन जेमतेम वीतभर. वीज रुळांतून चाकांत येते, चाकांतून इंजिनात. रुळावर जरासा मळ बसला की गाडी जागच्या जागी ठप्प. मग बोटाने ढकलायची. आणि गाडी बोटाने ढकलणं म्हणजे सासूबाईंच्या लेखी चारचौघांत नाक कापून घेणं. बावीस वर्षांत त्यांच्या पाळीला गाडीला बोट लागलं नव्हतं.

दालन उघडायच्या तासभर आधी त्या हजर. केसांना गच्च रुमाल, कारण एक केस चाकांच्या दांड्याला गुंडाळला गेला तर इंजिन कण्हायला लागतं. आधी चाकं, मग रूळ. "चाकं घाण ठेवून रूळ पुसायचे म्हणजे चिखलाच्या पायांनी फरशी पुसत फिरायचं," हे त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. पुसायला कापड लागतं सुती, वापरून मऊ झालेलं, धागा न सुटणारं. ते कुठून येतं? अहो, माझ्याकडून! मी घरी शिवणकाम करते. एकदा तर गिऱ्हाइकाच्या पडद्यातूनच त्यांनी वीतभर तुकडा कापून नेला. मी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "कापड मात्र छान होतं हो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बरं, एवढं कापड पुरवूनही मला टेबलाजवळ फिरकायची सोय नव्हती. "तू दोऱ्यांची बाई. अंगावर सदा धागे. चार हात लांब उभी राहा."

या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. संग्रहालयाच्या समितीने ठरवलं की बाई गेल्या की टेबल मोडायचं आणि त्या जागी भिंतभर स्क्रीन लावायचा. त्यावर रेल्वे धावताना दिसेल, पुसायची कटकट नाही. सासूबाईंनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "मोडणार म्हणतात," आणि भाजी निवडायला बसल्या. निवडलेली भाजी त्यांनी देठांत टाकली आणि देठ पातेल्यात. तेव्हा मला कळलं की हे प्रकरण जिव्हारी लागलंय.

संग्रहालयाचे नवे साहेब मात्र टेबलाच्या बाजूचे. त्यांनी समितीकडून एक संधी मागून घेतली. मंगळवारी दुपारी समितीसमोर गाडी सलग दहा फेऱ्या मारेल, बोट न लावता. मारल्या तर फेरविचार.

शनिवारी सासूबाई दुखऱ्या खांद्यासाठी डॉक्टरकडे गेल्या होत्या. तेवढ्यात साहेबांना उत्साहाचं भरतं आलं. त्यांनी सुताराला बोलावून सगळे रूळ पॉलिश पेपरने घासून घेतले. रविवारी सकाळी रूळ लखलखत होते आणि गाडी अशी पळत होती की लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत गाडी तीनदा अडकली. तिसऱ्यांदा साहेबांनी स्वतःच बोट लावून ती ढकलली, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत.

घरी आल्यावर त्यांनी चहालाही हात लावला नाही. "ओरखडे काढलेत गं त्याने. डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक. प्रत्येक ओरखड्यात मळ जाऊन बसणार, आणि तो कापडाने निघायचा नाही."

"मग सुनावलंत का साहेबांना?"

"काय सुनावू? बिचाऱ्याने चांगल्या मनाने केलं."

मी असते तर बिचाऱ्याची चांगली हजेरी घेतली असती. "उपाय काय पण?"

"गुळगुळीत स्टीलने दाबून दाबून घासायचं. ओरखडे बुजेपर्यंत. दोन्ही रूळ मिळून चारशे फूट." मग खांदा चोळत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या तुला काय काम आहे?"

लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या. या बाईने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. पडद्याचं कापडसुद्धा न मागताच नेलं होतं! मी म्हटलं, "काही नाही." खरं तर सहा उशांच्या खोळी द्यायच्या होत्या.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. पहारेकऱ्याने सकाळी आठला दालन उघडून दिलं. सासूबाईंनी मला कपड्यांवरून चक्क रेनकोट घालायला लावला, धागे पडू नयेत म्हणून. पहारेकरी तोंड फिरवून हसला. हसू दे. माझ्याच स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पाठीने. एका दिशेने. घाई नको."

रूळ केवढा, तर आगकाडीपेक्षा अरुंद. चमचा सटकतो, बोट सोलवटतं. हातभर झालं की त्या पांढरं कापड ओढून बघायच्या, नख फिरवायच्या. "नाही झालं." पुन्हा. "अजून नाही." पुन्हा. तीनदा मनात आलं की चमचा ठेवावा आणि चालू पडावं. पण बाजूला बघितलं तर खांदा धरून तीच बाई माझ्या तिप्पट वेगाने पुढे सरकत होती. दुपारच्या चहापर्यंत टेबलाच्या त्यांच्या तीन बाजू झाल्या होत्या आणि माझी एक.

राहिला बोगदा. सहा फुटांचा, हात घालायला फक्त टेबलाखालून एक झरोका. आजवर त्या खालून हात घालून पुसायच्या. आता तो हात वर जाईना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. दुखल्याने की कशाने, मी विचारलं नाही. मी म्हटलं, "सरका, आई."

टेबलाखाली उताणी पडले, हात खांद्यापर्यंत डोंगरात. आत मिट्ट काळोख.

"दिसत नाही हो काही!"

"डोळे मीट. बोटाने बघ."

आणि खरंच बघितलं. कापडाचा उभा धागा कुठला नि आडवा कुठला, हे मी बोटानेच ओळखते. तसाच रूळ कळायला लागला. इथे खरखरीत, इथे गुळगुळीत, इथे नुसता मळ. एका ठिकाणी चमचा किंचित अडखळला. "आई, मागच्या तोंडाकडून तिसरा सांधा. एक टोक उचललंय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी बारीक पक्कड खालून माझ्या हातात दिली. मी सांधा दाबला, चमचा फिरवला, सरळ गेला. सहा वाजता पहारेकरी किल्ल्या वाजवत आला, तेव्हा आम्ही चाकं पुसून शेवटचा डबा रुळावर ठेवत होतो.

मंगळवारी समितीचे पाच जण आले. मी दाराशी उभी. गाडी बोगद्यात शिरली की मी मनात सांधे मोजायचे, बाहेर आली की फेरी. सातव्या फेरीला आतला आवाज मंदावला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, नुसता साडीचा पदर मुठीत आवळला. इंजिन बाहेर आलं. आठ. नऊ. दहा! साहेबांनी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या.

अध्यक्ष रुक्ष माणूस. म्हणाले, "चालली, मान्य आहे. पण मूळ अडचण वेगळीच आहे, बाई. तुम्ही निवृत्त झाल्यावर हे करणार कोण? शिकवलंय का कुणाला?"

साहेब खाली बघायला लागले. झालं, सगळं पाण्यात गेलं, असं मला वाटलं.

सासूबाईंनी दंडाला धरून मला पुढे ओढलं. "ही माझी सून. बोगदा हिने केलाय. गाडी दहा वेळा आत गेली, दहा वेळा बाहेर आली. तुम्ही बघितलंत."

"किती दिवस शिकवलंत यांना?"

"एक दिवस. पण शिकवायला आहे काय? टाका घालते तेव्हा हिचा हात कधी हलत नाही. चौदा वर्षं बघतेय मी."

चौदा वर्षं! मला वाटायचं, या बाईला माझ्या मशीनचा नुसता आवाज ऐकू येतो.

अध्यक्षांनी मला विचारलं, "कराल तुम्ही?"

एरवी एकाला दहा उत्तरं देणारी मी. नुसती मान डोलावली आणि पाच परक्या माणसांसमोर ढसाढसा रडायला लागले.

"रडतेय ते सोडा," सासूबाई साहेबांना म्हणाल्या, "हो म्हणाली ती. लिहून घ्या."