टी वरून तुवालू

बोरिवलीच्या आपल्या जुन्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनो, हे वाचाच.

आठवतं? ऐंशीच्या दशकात आपण जिन्यात बसून इंग्रजीतून नेम-प्लेस-अ‍ॅनिमल-थिंग खेळायचो. ‘टी’ आला की सगळे ठाणे लिहायचे. मी अ‍ॅटलासमध्ये सापडलेलं तुवालू लिहायचो आणि मंग्या ओरडायचा, “चीटिंग! असा देशच नाही, यार!” खरं सांगू, मलाही तो नुसता दहा मार्कांचा शब्दच वाटायचा.

आज सकाळी अंधेरीत माझ्या चष्म्याच्या दुकानात एक खलाशी आला. चष्म्याची काडी तुटली होती. मी इंग्रजीत विचारलं, “कुठले तुम्ही?”

“तुवालू,” तो म्हणाला आणि सवयीने लगेच पुढे, “म्हणजे फिजीच्या तिकडे...”

“माहितीये! लहानपणापासून माहितीये!” मी ओरडलोच.

तो बघतच राहिला. मग त्याने घरी आईला फोन लावला, स्पीकर ऑन केला आणि मला म्हणाला, “परत म्हणा ना. तिला ऐकू दे.”

मी म्हटलं, “तुवालू.”

पलीकडे म्हातारी खुदकन हसली. तिच्या मागे कुठेतरी कोंबडा आरवला.

मंग्या, वाचतोयस ना? तिथे कोंबडा आरवतो रे!