दर कसा ठरतो, हे विचारणारे सर

निकाळजे सर वर्गात आले की हजेरी घेण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहायचे. एका अमेरिकी डॉलरला किती रुपये, आणि किती चिनी युआन. रुपयाचा आकडा रोज थोडा बदलायचा. युआनचा मात्र महिनोन्‌महिने तोच. यवतमाळहून आलेला विलास आमच्यात धीट. त्याने एकदा विचारलं, "सर, रोज तेच लिहून खडू कशाला झिजवता?"

"खडू कॉलेजचा आहे, विलासराव. तुम्ही डोकं झिजवा. सगळा बाजार रोज हलतो आणि हा आकडा हलत नाही. म्हणजे कोणीतरी तो धरून ठेवलाय. कोणी, आणि कसा?"

मी पुण्याजवळच्या मांजरी गावची. कॉलेजात गेलेली घरातली पहिलीच. ज्याला जमेल तो संगणकाच्या कोर्सला जात होता, तेव्हा मी मराठी माध्यमातून अर्थशास्त्र घेतलं, कारण तिथे फी कमी होती. शेवटच्या बाकावर बसायची, बोलायची नाही. सरांनी ते हेरलं होतं. "शिंदे, उत्तर येत असताना गप्प बसता. याला आमच्या विषयात साठेबाजी म्हणतात," असं ते म्हणायचे. सगळे हसायचे. मीही हसायची आणि पुन्हा गप्प बसायची.

सर अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे शिकवतील तेवढ्या तासांचेच पैसे, आणि पुढच्या सत्रात बोलावतील याची खात्री नाही. सकाळी आमचं कॉलेज, दुपारी दुसरं, मधल्या वेळात स्कूटरवर डबा.

एके दिवशी ते बुधवार पेठेतल्या सायबर कॅफेतून काही पानं छापून घेऊन आले. अमेरिकेच्या संसदेत मांडलेलं विधेयक होतं. चीन आपल्या चलनाचा दर कसा ठरवतो, तो टिकवण्यासाठी किती डॉलर खरेदी करतो, हे त्याने उघड करावं, म्हणून अमेरिकी सरकारने दबाव आणावा, असा त्याचा आशय. सरांनी प्रत्येकाला एकेक कलम मराठीत करायला दिलं. "तुमच्या आईला समजेल असं लिहा. तिला समजलं नाही तर तुम्हालाही समजलेलं नाही."

मी रात्री आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे वजनकाटा दाखवा म्हनत्यात." दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. सर म्हणाले, "उद्या तुमच्या आईंनाच तास घ्यायला बोलवा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा प्रश्न विचारला. "सर, चीनने नाही दाखवलं तर?"

"तर त्यांच्या मालावर कर. आणि मग मार कोणाला बसतो? विधेयक मांडणाऱ्या खासदाराला नाही. तिकडे कुठल्यातरी कारखान्यात शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला. तिला कोणी विचारलेलं नसतं."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत उपयोगी पडेल म्हणून.

त्याच वर्षी आमच्या विभागात कायम जागा निघाली. मुलाखत देऊन सर थेट वर्गात आले. विलासने विचारलं, "कशी झाली, सर?"

"त्यांनी दोन प्रश्न विचारले. एक, माझं नाव. दुसरा, चहा घेणार का."

आम्ही खूप हसलो. पण चार महिने झाले तरी निवडीची यादी लागेना. ऑफिसात विचारलं की "प्रक्रिया चालू आहे" एवढंच उत्तर. जागा आधीच कोणासाठी तरी ठरली आहे, अशी कुजबुज होती. मग आम्ही प्राचार्यांना अर्ज द्यायचं ठरवलं. मसुदा मी लिहिला, अगदी त्या विधेयकाच्या भाषेत. निवडीचे निकष जाहीर करावेत, गुण कोणी व कसे दिले ते दाखवावे. वर्गातल्या सगळ्यांनी सह्या केल्या. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं: "पारदर्शकतेचा अर्थ आम्हाला निकाळजे सरांनीच शिकवला आहे." सरांना आम्ही काही कळू दिलं नाही. त्यांना आनंद होईल, असं वाटलं होतं.

प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. "मुलांना पुढे करता काय?" हा आवाज बाहेरच्या शिपायानेही ऐकला. सोमवारी नवं वेळापत्रक लागलं, त्यात सरांचं नाव नव्हतं. तासिकेवरच्या माणसाला काढावं लागत नाही. नुसतं बोलवायचं नाही.

सर मला स्कूटर स्टँडपाशी भेटले. "मसुदा कोणाचा?"

"माझा, सर."

"मराठी स्वच्छ आहे. एकही चूक नाही."

"सर, आम्ही तुमच्यासाठी..."

"माहीत आहे." त्यांनी डब्याची पिशवी हुकाला अडकवली. "पुढच्या वेळी ज्याच्यासाठी अर्ज देताय, त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर राग मानू नका." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढे सर बिबवेवाडीत एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवू लागले. मी एका आयटी कंपनीत कामाला लागले. चीनने आपला दर थोडा सैल केल्याची बातमी मी तिथेच वाचली. सरांना फोन करावासा वाटला. केला नाही. दोनदा ते रस्त्यापलीकडे दिसले, तेव्हाही मी रस्ता ओलांडला नाही.

काही वर्षांनी सर हृदयविकाराने गेले. वय पन्नाससुद्धा नव्हतं. आम्ही जुने विद्यार्थी जमलो. कॉलेजात त्यांच्या नावाने पारितोषिक ठेवू, असं विलास म्हणाला, आणि लगेच पैसेही गोळा होऊ लागले. मी म्हटलं, "आधी सरांच्या घरी जाऊन वहिनींना विचारू."

आम्ही दोघं बिबवेवाडीला गेलो. वहिनींनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या कॉलेजात नको. ह्यांना आवडलं नसतं." विलासने समजावायला तोंड उघडलं. मी त्याचा हात दाबला.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "आधी विचारायला आलात, हे फार बरं केलंत. एवढंसुद्धा कोणी करत नाही हो."

त्या अर्जाचं त्यांना ठाऊक होतं की नाही, मला कळलं नाही. मीही सांगितलं नाही.