बेशुद्ध माणसाने बोलू नये

मी, दत्ताजी बाबूराव चौगुले, वय वर्षे अडुसष्ट, शिक्षण इयत्ता चौथी, निवृत्त अग्निशमन अधिकारी, राहणार कोल्हापूर, आज सकाळी घडलेला प्रकार या समूहापुढे सत्य म्हणून मांडतो.

नव्या जवानांना शिकवण्यासाठी मला अजूनही बोलावतात. आज गडहिंग्लजच्या बसवराजची शिडीची अखेरची परीक्षा होती. बेशुद्ध माणसाला खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावरून उतरायचे होते. उंचीच्या भीतीने तो पूर्वी दोनदा मध्येच थिजला होता. आज थिजला असता तर नोकरी जाणार होती. बेशुद्ध माणूस मी स्वतः झालो.

अर्ध्या शिडीवर त्याचे पाय थांबले. मी खांद्यावरूनच सूचना देऊ लागलो. डावा पाय खाली घे, श्वास सोड, खाली पाहू नकोस.

तो म्हणाला, "साहेब, तुम्ही बेशुद्ध हाय की. गप पडा, न्हाईतर चालत उतरा."

मला असे आजवर कोणी बोलले नव्हते. मी डोळे मिटले. रागाच्या भरात बसवराज भीती विसरला आणि सरसर खाली उतरला.

मी त्याला उत्तीर्ण केले. उद्धटपणाबद्दल ताकीद वेगळी दिली.

आपणच सांगा, शिकवणाऱ्याने गप्प केव्हा बसावे?

साक्षीदार म्हणून हजर: गाडीचे चालक शंकर पाटील व शिडी धरून उभे असलेले जवान अन्वर मुल्ला. हसता हसताही मुल्ला यांनी शिडी सोडली नाही, हे समाधानाने नमूद करतो.