सीडीवरचा अंगठा

चीक चिकटू नये म्हणून परवा फणस कापायच्या आधी हातांना खोबरेल चोळलं आणि त्या वासासरशी बाबा समोर येऊन बसले, हातात बॅटरी धरून.

मी तेव्हा कॉलेजात होतो. बाबा बोटीवर नोकरीला. त्यांच्या सुट्टीचे शेवटचे दोन दिवस उरले होते आणि मी रत्नागिरीच्या घरी, पडवीत बसून जुन्या कॉम्प्युटरवर सीडीवरून लिनक्स टाकत होतो. दर वेळी ते निम्म्यावर येऊन अडकायचं. मी रॅम काढून खोडरबराने घासली, केबल बदलली, हार्डडिस्कला शिव्या घातल्या. बाबा शेजारी बसून उघड्या सीपीयूत उजेड पाडत होते. त्या दोन दिवसांत मी त्यांच्याशी बोललो ते एवढंच, "जरा इकडे धरा."

ते निघायच्या दिवशी सीडी सहज उन्हात धरली, तर तिच्यावर तेलकट अंगठा उमटलेला.

"हिला कोणी हात लावला?" मी खेकसलो.

"मीच रे," बाबा ओशाळून म्हणाले. "फणस कापत होतो, तेव्हा चकाकताना दिसली. म्हटलं बघू तरी, तू दिवसभर काय घेऊन बसतोस."

मी सीडी साबणाने धुतली, कोरडी केली. तासाभरात लिनक्स सुरू झालं. तोवर बाबांची एसटी सुटली होती.

बाबा आता नाहीत. सीडी अजून कपाटात आहे. परवा फणस तसाच ठेवून ती काढली, पुन्हा उन्हात धरली, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. फारच नीट पुसली होती मी.