चार उंबरे

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या घराला चार उंबरे होते. एक मुख्य दाराचा, दुसरा बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना लागणारा, तिसरा मागच्या मोरीकडे उतरताना आणि चौथा आईच्या खोलीचा. वडील लिंबायतच्या मराठी शाळेत शिक्षक होते. घर बांधताना त्यांनी जुन्या लाकडाच्या बाजारातून सागाची एक तुळई आणली आणि तिचे चार उंबरे कापून घेतले. दारं साधी प्लायवूडची, उंबरे मात्र सागाचे. पुढचा उंबरा मधोमध झिजला होता. आई रोज सकाळी त्याला हळदीकुंकवाची पाच बोटं लावायची.

वडील गेल्यावर तिसऱ्या वर्षी आम्ही घर नव्यानं करून घेतलं. त्या वेळी आईला दिसेनासं होत होतं. हे आम्हाला कळलं ते काम पूर्ण झाल्यावर.

मी तेव्हा एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत घरांच्या सजावटीवर लिहीत असे. वेसू, पाल भागांतल्या कापड व्यापाऱ्यांचे फ्लॅट पाहून यायचं, टाचण करायचं, सातशे शब्द द्यायचे. पितळी साखळ्यांचा झोपाळा आणि समोर भिंतभर टीव्ही. कोरीव झरोका, त्याच्यामागे दिव्यांची पट्टी. जुनं आणि नवं शेजारीशेजारी कसं बसवतात याची मला माहिती झाली होती. तसं काहीतरी आपल्याकडेही व्हावं असं मला वाटू लागलं. बायकोलाही वाटत होतं. आईला विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

"तुले पटी तसं कर," ती म्हणाली. घरात ती अहिराणीच बोलायची. "फक्त मन्हा गॅस जठे शे तठेच ऱ्हाऊ दे."

गॅस तिथेच राहील असं मी सांगितलं, आणि तो तिथेच राहिला. स्वयंपाकघर आईचं होतं. बायको बँकेत जायची, मी ऑफिसात. सकाळचा चहा आणि दोन्ही वेळची भाजी आईच्या हातची. पाहुण्यालासुद्धा ती चहा करू द्यायची नाही.

सजावटकार मुलगी मूळची सुरतची, गुजराती होती, हुशार. तिनं पहिल्याच दिवशी टेप लावून घर मोजलं आणि मागच्या उंबऱ्यावर थांबली.

"सर, उंबरो राखशो तो लूक तूटी जशे. आखा घरमां एक सरखी टाइल. ने बा कोई दिवस ठेस खाईने पडी जशे तो?"

दुसरं कारण मला पहिल्यापेक्षा जास्त पटलं. आई सत्तरीच्या पुढे होती. उंबऱ्याला अडखळून पडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बातम्या नसतात, पण प्रत्येक गल्लीत असं एक तरी माणूस असतं. मी होकार दिला. उंबरे फेकायचे नाहीत एवढी अट घातली. ती म्हणाली, पुढच्या उंबऱ्याचं हॉलमध्ये शेल्फ करू, वर आरसा. बाकी तिन्हींच्या खिडकीखालच्या बाकाला पट्ट्या. मला कल्पना आवडली. पुरवणीत मी अशा कल्पनांचं कौतुक करत आलो होतो.

काम चालू असताना अडीच महिने आम्ही त्याच गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथे आई सारखी कशाला ना कशाला धडकायची. परकी जागा आहे, असं आम्ही म्हणायचो. तीही तेच म्हणायची.

उंबरे काढले त्या दिवशी मी ऑफिसात होतो. मिस्त्रीनं नंतर सांगितलं, "माँजी आयी थीं. नीचे बैठ के हाथ फेर रही थीं लकडी पे. मैंने पूछा, रखना है क्या? बोलीं, नहीं, निकाल दो, मेरा बेटा जानता है."

खुणा होत्या. वर्षभरापासून ती पेपर वाचत नव्हती. "तूच वाची दाखाड," म्हणायची, "तूच लिखस, तुन्हा तोंडून बरं वाटस." मी रोज पाच मिनिटं वाचून दाखवायचो. मला ते आवडायचं, म्हणून मी कारण विचारलं नाही. उंबऱ्यावरची हळदीकुंकवाची बोटं खाली फरशीवर उतरू लागली होती. बायको एकदा हसून म्हणाली, "आई, तुमची हळद आजकाल उंबरा सोडून पळते हं." आई म्हणाली, "म्हातारी झाली ना तीबी. कितला दिवस एकाच जागी बसी?"

घर चांगलं झालं. हे मी आजही म्हणेन. फिकट राखाडी टाइल दारापासून मोरीपर्यंत एकसलग. स्वयंपाकघराला रेघारेघांच्या काचेचं सरकतं दार. कपाटांना कड्या नाहीत, दाबलं की उघडतात. हॉलच्या भिंतीवर सागाचं शेल्फ, पॉलिश केलेलं, मधोमध तीच झीज.

वास्तुशांतीला गल्लीतली वीसेक माणसं आली. शेल्फपाशी सगळे थांबत. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अरे, हा तर तुमच्या दारातला! पायाखालचा पार आरशाखाली आणून बसवला की." कोणीतरी म्हणालं, "नशीब काढलं उंबऱ्यानं." सगळे हसले.

आई स्वयंपाकघरातून पेढ्यांचं ताट घेऊन निघाली. नवं नऊवारी नेसली होती. काचेचं दार उघडं होतं, त्यातून ती बाहेर आली आणि चालत राहिली. पाहुणे डावीकडे होते. ती सरळ गेली, हॉलच्या मधोमध थांबली आणि उजवा पाय जमिनीवर पुढे, मग बाजूला सरकवून पाहू लागली.

"उंबरा कोठे गया रे?"

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. काकी म्हणाल्या, "आजी, तो आता वरच्या वर्गात गेला." आईही थोडं हसली. मी ताट घ्यायला जवळ गेलो तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं. आवाज खाली आणून विचारलं, "भाऊ, मी कोठे उभी शे?"

ताटातला एकही पेढा पडला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. एका डोळ्याचं काही उरलेलं नाही, दुसऱ्याचं नळीतून पाहिल्यासारखं, समोरचं तेवढं. गेलेलं परत येत नाही; बरेच दिवस चाललेलं असणार. घरात वावरत कशा होत्या, असं त्यांनी आश्चर्यानं विचारलं. आईनं शिकवणाऱ्याच्या सुरात सांगितलं. बैठकीतून सात पावलं, मग उंबरा. त्यापुढे उजव्या हाताला ओटा. मोरीचा उंबरा आला की पाय खाली. खोलीचा आला की पलंग चार पावलांवर. चार उंबरे, चार खोल्या. आधी का सांगितलं नाही, असं मी रिक्षात विचारलं. सांगितलं असतं तर तुम्ही मला गॅसला हात लावू दिला नसता, असं ती म्हणाली. ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं शेल्फ मोजलं, दार मोजलं. "चार इंच छोटा हो गया, साहब. दीवार के हिसाब से काटा था." बाकीचे तीन फाडून पट्ट्या झाले होते. त्यानं चारही दारांत बाजारातल्या लाकडाच्या नव्या पट्ट्या ठोकून दिल्या, अर्धा इंच उंच. आईनं एकदा त्यांवरून पाय फिरवून पाहिला. चांगल्या आहेत म्हणाली. पण तोवर तिला घराचा भरवसा राहिला नव्हता. बंद काचेवर ती दोनदा आपटली होती. कपाटं कुठे दाबायची ते सापडत नव्हतं. एका सकाळी मी उठलो तेव्हा ती पलंगावर बसून होती आणि ओटा कोरडा होता.

"आते च्या तुम्हीच करा," ती म्हणाली.

गॅस जिथे होता तिथेच आहे.

त्याला आता दीड वर्ष होतंय. रोज सकाळी अंघोळ झाली की ती भिंतीला हात लावत खोलीतून निघते आणि शेल्फपाशी येते. दोन्ही तळव्यांनी कड चाचपते, मधली झीज सापडली की थांबते. छातीच्या उंचीवर हळदीकुंकवाची पाच बोटं लावते. पॉलिशवर पिवळे डाग पडले आहेत. बायकोनं ते पुसणं सोडलं. मग आई वळून, भिंतीला हात लावत, खोलीत परत जाते. तिथून पुढे ती येत नाही.